हवा कागदावरही उतरते

माझ्या स्टुडिओची खिडकी उत्तरेला आहे. ही खोली निवडली तेव्हा रस्त्यावरची मोठी, दक्षिणेकडची खोली मी का सोडते आहे, याचे घरात सगळ्यांना नवल वाटले होते. पण चित्रकलेच्या पहिल्या वर्षापासून डोक्यात बसलेला नियम असा होता की चित्रकाराच्या खोलीला उत्तरेचा प्रकाश हवा, कारण तिकडून ऊन आत येत नाही आणि प्रकाश दिवसभर एकसारखा राहतो. पहिल्याच मे महिन्यात, सकाळी नऊच्या सुमारास, बोर्डावर ताणलेल्या कागदावर उन्हाची एक तिरकी पट्टी येऊन पडली आणि अर्धा ओला असलेला आकाशाचा वॉश, म्हणजे पाणीदार जलरंगाचा पातळ थर, तेवढ्याच पट्टीत वाळून गेला. त्या आकाशाचे पुढे काहीही करता आले नाही.

नियम चुकीचा नव्हता, तो दुसऱ्या अक्षांशाचा होता. लंडन किंवा पॅरिसमध्ये दुपारचा सूर्य वर्षात कधीही उत्तरेला येत नाही. कोल्हापूर मात्र साधारण पावणेसतरा अंश उत्तरेला आहे, त्यामुळे मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत इथला दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो आणि सकाळ-संध्याकाळचा तर चांगलाच उत्तरेला असतो. आकाशात ढग नसले की त्या तीन महिन्यांत उत्तरेच्या खिडकीतून ऊन येणारच. तेव्हापासून मेच्या सुरुवातीला मी खिडकीला धुतलेल्या मांजरपाटाचा पडदा लावते. त्यातून गाळून आलेला प्रकाश मऊ आणि पांढरा असतो, आणि कागदावर हाताची सावलीही कडक पडत नाही.

ही हकीकत सुरुवातीलाच सांगते, कारण जलरंगातल्या निसर्गचित्राविषयी मला जे सांगायचे आहे ते याच्याशी जोडलेले आहे. ज्या हवेचे चित्र आपण काढतो, तीच हवा स्टुडिओत आपल्या कागदावरही उतरलेली असते. तैलरंगात चित्रकार आणि हवामान यांच्यात तेलाचा एक आडपडदा असतो. जलरंगात तो नाही. पाणी किती वेळ कागदावर राहणार हे हवा ठरवते, आणि रंग कसा पसरणार, कुठे बसणार, त्याची कड मऊ राहणार की कडक होणार, हे सगळे त्या वेळेवर अवलंबून असते. म्हणून गेली बरीच वर्षे मी पावसाळ्याची चित्रे पावसाळ्यात, धुक्याची आणि धुराची हिवाळ्यात आणि रखरखीत माळाची चित्रे उन्हाळ्यात रंगवते. जागेवर केलेले स्केच जुने असले तरी चालते, पण मोठे चित्र त्या ऋतूची वाट पाहत थांबते. जुलैमध्ये पाहिलेला गगनबावड्याचा पाऊस मी एप्रिलमध्ये रंगवून पाहिलेला आहे. पंखा बंद केला, खिडकी लावून घेतली, कागद खालून ओला ठेवला, तरी ढगांच्या कडा बोचऱ्याच आल्या.

एप्रिलमध्ये आकाशाचा वॉश टाकला की दोन-तीन मिनिटांत त्याची तकाकी जाते. जुलैमध्ये तेवढ्याच पाण्याचा तोच वॉश वीस-पंचवीस मिनिटे ओला राहतो. हा फरक ऐकायला सोयीचा वाटतो, पण प्रत्यक्षात दोन्हीकडे अडचण असते. उन्हाळ्यात हात पोहोचण्याआधी कड वाळते, आणि पावसाळ्यात आपला धीर आधी संपतो. ओल्या कागदाच्या अवस्था मी तकाकीवरून ओळखायला शिकले. आधी पाणी कागदावर तळ्यासारखे उभे असते आणि त्यात खिडकी स्पष्ट दिसते. मग ते आत मुरते, खिडकीचे प्रतिबिंब विरघळते आणि कागदावर साटिनच्या कापडासारखी मंद चमक उरते. माझ्या कामाचा सगळ्यात मोलाचा काळ हाच असतो, कारण या वेळी घट्ट रंगाने भरलेला ब्रश टेकवला तर रंग थोडासाच पसरतो आणि ढगाचा पोटाकडचा गडद भाग एका दमात, विनाकडेचा, उमटतो. त्यानंतर चमक जाते, कागद कोरडा दिसू लागतो, पण तो कोरडा नसतो. बोटांची मागची बाजू हलकेच टेकवली तर गार लागते, आणि गार लागते तोवर आत पाणी आहे असे समजावे. या फसव्या अवस्थेत पातळ रंगाचा ब्रश लागला की नवे पाणी आधीच्या अर्धवट बसलेल्या रंगाला बाहेर ढकलते आणि फुलकोबीच्या गड्ड्यासारखी दातेरी कड तयार होते. विद्यार्थ्यांच्या चित्रांत असे गड्डे आकाशात दिसले की समजावे, थांबायला हवे होते तेव्हा हात थांबला नाही.

या लांबणाऱ्या ओलाव्याचा एक मोठा फायदाही आहे आणि तो अल्ट्रामरीनमध्ये सर्वात चांगला दिसतो. हा निळा पूर्वी अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणीतल्या लाजवर्दी दगडापासून काढत आणि तो सोन्यासारखा महाग असे. 1820 च्या दशकात फ्रान्समध्ये जाँ-बाप्तिस्त गीमे याने तो कारखान्यात तयार करण्याची रीत काढली आणि मग तो सर्वांच्या पेटीत आला. अल्ट्रामरीनचे कण पाण्यात विरघळत नाहीत, ते तरंगतात आणि सावकाश खाली बसतात. कागद खडबडीत असेल तर ते त्याच्या खळग्यांत जमतात आणि उंचवटे फिके राहतात. पाणी जितका जास्त वेळ टिकेल, तितकी त्यांना जमायला सवड मिळते. त्यामुळे माझ्या स्टुडिओत जुलैमधल्या अल्ट्रामरीनला जी दाणेदार पोत येते, ती मार्चमध्ये येत नाही. त्यात बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी रंग मिसळला की जो राखाडी रंग होतो, तो वाळताना थोडा फुटतो. एखाद्या जागी निळसर, तर शेजारीच किंचित तांबूस दिसतो. पन्हाळ्याच्या बाजूने सरकत येणाऱ्या ढगाचा रंग मला या मिश्रणाखेरीज दुसऱ्या कशातही सापडलेला नाही. ट्यूबमधून तयार मिळणारा राखाडी वापरून मी तसाच ढग केला आहे आणि तो प्रत्येक वेळी सिमेंटसारखा आला आहे.

पावसाळी हवा चित्राला जे देते, ते कधीकधी कागदाकडून वसूलही करते. जलरंगाच्या बऱ्याच चांगल्या कागदांना जिलेटिनचे साइझिंग, म्हणजे पाणी अडवणारा लेप, दिलेले असते. त्यामुळे रंग लगेच आत शोषला जात नाही, वर राहतो, आपल्याला हलवता येतो आणि वाळल्यावरही स्वच्छ दिसतो. जिलेटिन हे बुरशीचे अन्न आहे. दमट कोपऱ्यात ठेवलेल्या कागदाचे साइझिंग जागोजागी जाते आणि वरून पाहिले तर काहीच कळत नाही. काही वर्षांपूर्वी एका घरासाठी पंचगंगेच्या घाटाचे मोठे चित्र करायचे होते, 22 बाय 30 इंचांचा पूर्ण कागद. स्केच झाले, टोन, म्हणजे कुठे किती उजळ आणि कुठे किती गडद, ठरले, कागद भिजवून बोर्डावर गमटेपने ताणला, दुसऱ्या दिवशी तो ढोलकीच्या पानासारखा घट्ट झाला. नदीच्या पाण्यासाठी एकच मोठा वॉश वरून खाली ओढत आणला आणि पाहता पाहता त्यात रुपयाएवढे गडद ठिपके उमटू लागले. साइझिंग गेलेल्या जागी कागद टीपकागदासारखा रंग पीत होता. ते ठिपके धुऊन निघत नाहीत, झाकताही येत नाहीत. कागद मी स्वतःच भिंतीला टेकलेल्या कपाटात दोन पावसाळे ठेवला होता. आता कागदाचे ताव भिंतीपासून दूर, जाड प्लास्टिकच्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवते आणि कोणताही ताव घेण्याआधी त्याच्या दोन-तीन जागी, कडेला, पातळ रंगाचा ब्रश फिरवून पाहते. हा वेळ वाचवू नये असे मी वर्गात येणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

आता थोडे त्या जागांविषयी, ज्यांच्यामुळे हे सगळे करावेसे वाटते. लँडस्केपला जायचे म्हणजे सुंदर ठिकाणी जायचे, असा समज असतो. मला सुंदर ठिकाणांपेक्षा पुन्हा पुन्हा जाता येईल अशी ठिकाणे अधिक उपयोगी पडली. यात मी चित्रकार आबालाल रहिमान यांची ऋणी आहे. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून ते कोल्हापूरला परतले, शाहू छत्रपतींचा त्यांना आश्रय मिळाला, आणि कोटितीर्थाच्या काठी राहून त्यांनी ते तळे, रंकाळा, पंचगंगा हेच विषय आयुष्यभर रंगवले. 1931 साली ते गेले. टाउन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात त्यांची चित्रे आहेत आणि शाळेच्या सहलीत मी ती पहिल्यांदा पाहिली, तेव्हा ती मला लहान आणि अंधारलेली वाटली होती. चित्रकला शिकल्यावर परत गेले आणि एका चित्रातल्या पाण्यासमोर बराच वेळ उभी राहिले. त्यात पाणी म्हणून काहीच रंगवलेले नव्हते. काठ, झाडे आणि आकाश यांचे टोन इतके अचूक होते की मधला भाग आपोआप पाणी झाला होता. त्यांना हे कोटितीर्थाने शिकवले असणार, कारण एकाच तळ्याकडे वर्षानुवर्षे पाहणाऱ्या माणसालाच पाण्याचा टोन आकाशाच्या टोनापेक्षा नेमका किती उतरतो हे कळते.

मी माझ्यासाठी रंकाळा निवडला. संध्यामठ ही माझी मोजपट्टी आहे. पावसाळ्यात तलाव भरला की तो दगडी मठ पाण्यात बुडत जातो आणि उन्हाळ्याकडे पाणी ओसरले की पुन्हा उघडा पडतो. त्याच्या दगडांवर पाण्याच्या उतरत्या पातळीच्या आडव्या रेषा राहतात. त्याच काठावर, त्याच दगडावर बसून मी केलेली सव्वादोनशेच्या आसपास छोटी स्केचेस माझ्याकडे आहेत, बहुतेक पोस्टकार्डाएवढी. प्रत्येकाच्या मागे तारीख, वेळ, वारा आणि ढग लिहिलेले आहेत. ही सवय मी इंग्रज चित्रकार जॉन कॉन्स्टेबलकडून उचलली. 1821 आणि 1822 मध्ये त्याने लंडनजवळच्या हॅम्पस्टेडला आकाशाचे अनेक अभ्यास केले आणि त्यांतल्या कित्येकांच्या मागे दिवस, तास आणि वाऱ्याची नोंद ठेवली. या नोंदींचा उपयोग आठवण म्हणून फार होत नाही, त्या चूक पकडायला उपयोगी पडतात. स्टुडिओत मोठे चित्र करताना सकाळी साडेसातच्या सावलीवर मी नकळत दुपारचे आकाश घालते आहे, हे मला अशा एका नोंदीनेच दाखवून दिले होते.

पावसाळ्यातला प्रकाश मला सर्वात जास्त शिकवतो, म्हणून त्याच्याविषयी थोडे सविस्तर लिहिते. निसर्गचित्राच्या पुस्तकांतले बहुतेक धडे उन्हाचे असतात. उजेडाची बाजू, सावलीची बाजू, जमिनीवर पडलेली सावली, या तिघांवर चित्र उभे करायचे असते. जुलैमध्ये गगनबावड्याच्या रस्त्यावर उभे राहिले की यांतले एकही सापडत नाही. ऊन नाही म्हणून पडलेली सावली नाही, आणि ढगांतून सगळीकडून सारखा प्रकाश येत असल्याने झाडाला उजेडाची बाजूही नाही. मग आकार दिसतात कशाने? ओलेपणाने. भिजलेला जांभा दगड कोरड्या दगडापेक्षा कितीतरी गडद, जवळजवळ काळसर तांबडा होतो. भिजलेले झाडाचे खोड काळे होते. उलट, भिजलेला डांबरी रस्ता आणि भाताच्या खाचरातले पाणी आकाशाइतके उजळ होते, कारण ते आकाशच दाखवत असतात. म्हणजे उन्हाळ्यातले टोनांचे गणित इथे उलटे होते. जमीन, जी एरवी मध्यम टोनची, ती काही जागी चित्रातली सर्वात उजळ वस्तू होते. हे लक्षात येईपर्यंत माझी पावसाळी चित्रे नुसती हिरवी आणि मळकी होत होती.

हिरव्याचे तर वेगळेच प्रकरण आहे. पेटीतला तयार विरिडियन इथे कुठेही चालत नाही, तो फार थंड आणि काचेसारखा आहे. भाताच्या तरव्याचा, म्हणजे रोपांच्या वाफ्याचा, हिरवा पिवळ्याकडे इतका झुकलेला असतो की त्यात निळा फक्त ब्रशच्या टोकाने लागलेला पुरतो. मी लेमन येलोमध्ये सेरुलियनचा थेंब घेते. डोंगरउतारावरच्या कोवळ्या गवताला न्यू गॅम्बोज हा पिवळा आणि अल्ट्रामरीन चालते, आणि घाटाच्या कड्यावरच्या जुन्या झाडांच्या गर्दीला त्याच मिश्रणात बर्न्ट सिएना घालून ते जवळजवळ हिरवेपण सोडेपर्यंत खाली आणावे लागते. पण रंग कितीही बरोबर असले तरी चार हिरवे एकमेकांपासून वेगळे राहतात ते टोनमुळे. रोपलावण चाललेले शेत, बांध, मागची झाडी आणि त्यामागे ढगात अर्धा गेलेला डोंगर, हे चार टोन पेन्सिलीत आधी वेगळे झाले नाहीत, तर रंगात कधीही होत नाहीत.

यासाठी मोठ्या कागदाला पाणी लावण्यापूर्वी मी तीन बाय चार इंचांची पाच-सहा टोन-स्केचेस करते, 4बी पेन्सिलीने, फक्त तीन टोनांत. पांढरा म्हणजे कागद, मधला आणि गडद. तपशील जवळजवळ नसतो. यांतले एक निवडले की सर्वात महत्त्वाचा निर्णय होतो, तो म्हणजे कागद कुठे कोरा राहणार. पारदर्शक जलरंगात पांढरा रंग वापरत नाहीत, कोरा कागदच पांढरा असतो, आणि एकदा वॉश त्यावरून गेला की तो उजेड पूर्णपणे परत मिळत नाही. काहीजण त्या जागा मास्किंग फ्लुइडने, म्हणजे नंतर सोलून काढायच्या रबरी द्रवाने, झाकतात. मी ते फारसे वापरत नाही, कारण त्याची कड कात्रीने कापल्यासारखी येते आणि दमट हवेत ते जास्त दिवस कागदावर राहिले तर निघताना कागदाचा थर घेऊन येते. ब्रश त्या जागेला वळसा घालून नेणे कठीण आहे, पण त्याने राहिलेला पांढरा जिवंत असतो.

फोटोही मी काढते, मात्र रंगासाठी आणि टोनसाठी त्यावर विसंबत नाही. फोनचा कॅमेरा सावल्या उजळवतो, आकाश निळे करतो, आणि दूरचा डोंगर जेवढा मोठा वाटला होता त्यापेक्षा लहान करतो. फोनचा दुसराच एक उपयोग मला जास्त होतो. त्याचा पडदा बंद केला की तो काळा आरसा बनतो. अठराव्या शतकात युरोपातले प्रवासी आणि चित्रकार असाच एक गडद, किंचित फुगीर आरसा जवळ बाळगत. देखाव्याकडे पाठ करून आरशात पाहिले की रंग दबतात आणि टोनांचे मोठे गट तेवढे उरतात. चित्राकडे पाठ करून, खांद्यावरून बंद फोनमध्ये चित्र पाहिले की कुठला टोन उडी मारून पुढे आला आहे ते तत्काळ कळते. चित्र उलटेही दिसत असल्याने डोळ्याची सवय मोडते.

हे सगळे एका ठिकाणी कसे येते ते दाखवायला एक चित्र सांगते, जे मी तीन हिवाळे करते आहे. कोल्हापूरच्या आसपास ऊस तुटायला लागला की गुऱ्हाळे सुरू होतात. पहाटे चुलवणात चिपाडे ढकलतात, काहिलीत रस उकळू लागतो आणि शेतावर धुराचा एक खांब उभा राहतो. वारा पडलेला असेल तर तो बराच वर सरळ जातो आणि एका ठरावीक उंचीवर आडवा पसरतो, कारण थंडीत जमिनीजवळची हवा गार आणि वरची ऊबदार असते व धूर तिथे अडतो. पहिल्या वर्षी मी शेताच्या बांधावर बसून स्केच केले. गुऱ्हाळावरचे वयस्कर गुळवे, म्हणजे गूळ करणारे, चहाचा पेला घेऊन मागे येऊन उभे राहिले. थोडा वेळ पाहून म्हणाले, “ताई, धूर लई पांढरा काढलाय की तुम्ही. ओली चिपाडं घातली की असा येतोय. आता वाळकी घातल्यात, बघा.” मी पाहिले. धूर पांढरा नव्हता. मी धूर म्हणजे पांढरा, असे आधीच मानून बसले होते.

मग तासभर मी काहीही न काढता त्या धुराकडे पाहत होते. धूर जिथे मागच्या आंब्याच्या गर्द झाडीसमोरून वर जात होता, तिथे तो स्वच्छ निळसर होता. तोच धूर झाडांचा शेंडा ओलांडून उजळ आकाशावर आला की मळकट तपकिरी, थोडा पिवळसर दिसू लागे. मधे कुठलीही रेषा नव्हती, खांब तोच होता. लिओनार्दो दा विंचीने हे पाचशे वर्षांपूर्वी टिपून ठेवले आहे. धुराचे बारीक कण निळा प्रकाश जास्त विखुरतात. मागे काळोख असला की आपल्याला तो विखुरलेला निळा दिसतो. मागे उजेड असला की त्या उजेडातला निळा वाटेत विखुरला जातो आणि उरलेला तांबूस प्रकाश आपल्यापर्यंत पोहोचतो. दूरचे डोंगर निळे दिसतात त्याचेही मूळ हेच आहे. हे मी पुस्तकात वाचलेले होते, परीक्षेत लिहिलेलेही होते, पण स्केच करताना माझा हात पांढऱ्याकडेच गेला होता.

कागदावर हे उतरवण्याची जी पद्धत आता बसली आहे, ती अशी. खडबडीत, 300 जीएसएमचा, सुती कागद दोन्ही बाजूंनी भिजवून ताणते आणि पूर्ण वाळू देते. पहिला वॉश सगळ्या कागदावर, यलो ऑकरचा अगदी फिका, क्षितिजाकडे त्यात किंचित गुलाबी. तो पूर्ण वाळल्यावर आकाशाचा भाग पुन्हा स्वच्छ पाण्याने ओला करून, मंद चमक आली की, धुराच्या वरच्या टोकासाठी रॉ अंबर आणि थोडासा अल्ट्रामरीन असा घट्टसर रंग सोडते आणि बोर्ड एका बाजूला कलता करून त्याला खाली ओघळू न देता आडवा पसरवते. डिसेंबरच्या सकाळी माझ्या खोलीत या चमकेला सहा-सात मिनिटे मिळतात. मला हव्या त्या कडेसाठी ती पुरतात. जुलैमध्ये हाच धूर पसरून ढग होतो, असे मी अनुभवले आहे. झाडी त्यानंतर. आंब्याचा गडद टोन घालताना धुराच्या जागेभोवती कागद आधीच ओला ठेवते, म्हणजे झाडीची कड धुराकडे आपोआप विरघळते. टोन अजून ओलसर असतानाच एक जाड, पिळून कोरडा केलेला ब्रश खालून वर एकदाच फिरवून रंग उचलते. उचललेल्या जागी जो फिका निळसर राखाडी राहतो, तोच झाडीसमोरचा धूर. यासाठी झाडीच्या गडद रंगात फ्थॅलोसारखा कागदाला डाग पाडणारा रंग अजिबात नको, कारण तो उचलला जात नाही आणि धुराऐवजी हिरवा पट्टा राहतो. अल्ट्रामरीन मात्र हसत निघतो.

उन्हाळ्यातल्या दूरच्या डोंगरांबद्दल एवढेच नोंदवून ठेवते की ते आपल्याकडे निळे नसतात. एप्रिलमध्ये हवेत धूळ असते, धुळीचे कण धुराच्या कणांपेक्षा मोठे असतात आणि ते सगळेच रंग सारखे विखुरतात. त्यामुळे जोतिबाचा डोंगर त्या दिवसांत दुरून पांढुरका, ताकात हळद पडल्यासारखा दिसतो. “दूरचे ते निळे” हा धडा घोकून एप्रिलचे चित्र केले की ते नोव्हेंबरचे होते.

धुराच्या चित्राचे तीन कागद आजवर झाले. पहिल्यात धूर पांढरा आहे. दुसऱ्यात निळा आणि तपकिरी दोन्ही आहेत, पण झाडांच्या शेंड्याशी एक जोड दिसतो, जणू दोन वेगळे धूर एकावर एक ठेवले आहेत. तिसऱ्यात जोड बराच गेला आहे, फक्त आकाशावरचा तपकिरी भाग वाळल्यावर अपेक्षेपेक्षा फिका झाला, कारण जलरंग वाळताना नेहमी उतरतो आणि मी त्याचा अंदाज कमी धरला. शेंड्याच्या वरचे ते दोन-तीन इंच, जिथे निळा संपतो आणि तपकिरी अजून सुरू झालेला नसतो, तिथे धुराला कोणता रंग असतो ते मला अजून नीट दिसलेले नाही. गुऱ्हाळ दिवाळीनंतर पुन्हा पेटेल. या वेळी पहिल्या दिवशी ब्रश नेणार नाही, फक्त पेन्सिल आणि वही घेऊन जाणार आहे, आणि त्या दोन-तीन इंचांसमोर बसणार आहे.